पुढचा भाग ५ सेकंदांत : एका ओटीटी कंपनीच्या व्यवस्थापनास खुले पत्र

मा. व्यवस्थापन आणि कार्यक्रम विभाग,
स. न. वि. वि.

तुमच्या कंपनीचं नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही. मी जे मागणार आहे ते तुमच्या बाकीच्या भाऊबंदांनाही लागू आहे, त्यामुळे नावावाचून काही अडत नाही. आधी तुमच्या ग्राहकसेवेकडे रीतसर लिहिलं होतं. उत्तर यंत्राने दिलं: तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया ॲप बंद करून पुन्हा सुरू करा. ॲप बिघडलेलं नाही हो. ते कसं चालावं हे तुम्ही ठरवलंय, आणि ते अगदी तसंच चाललं. तक्रार त्याचीच आहे. म्हणून हे चारचौघांसमोर लिहितोय.

विषय एका भागाचा. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेतला ‘डीमन्स ऑफ द पंजाब’. ब्रिटनमध्ये तो ११ नोव्हेंबर २०१८ ला प्रथम दाखवला गेला. लेखक विनय पटेल, दिग्दर्शक जेमी चाइल्ड्स. तुमच्या यादीत तो होता. ‘होता’ का म्हणतोय ते पुढे येईलच.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डॉक्टर हा परग्रहावरचा भटक्या. जुन्या पद्धतीच्या निळ्या पोलीस बॉक्समधून (पोलिसांना फोन करायचं रस्त्यावरचं खोकं) तो कुठल्याही काळात, कुठल्याही ग्रहावर जातो. मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं, त्यामुळे नट बदलत बदलत १९६३ साली सुरू झालेली ही मालिका मधला मोठा खंड पचवूनही टिकली. २०१८ च्या पर्वात पहिल्यांदाच ही भूमिका एका बाईकडे आली, जोडी व्हिटेकरकडे. (जाता जाता: १९६३ मधली अगदी पहिली कथा दिग्दर्शित केली ती वारिस हुसेन यांनी. जन्म लखनऊचा. हे आपल्याकडे फारसं कोणाच्या गावी नाही.)

या भागात याझ नावाची शेफील्डची तरुण पोलीस आहे, घराणं मूळचं पाकिस्तानी. तिच्या नानीने तिला एक फुटकं, बंद पडलेलं मनगटी घड्याळ दिलंय. ते कधीही दुरुस्त करायचं नाही, ही अट. का, ते नानी सांगत नाही. याझ डॉक्टरच्या मागे लागून नानीच्या तरुणपणात जाते आणि उतरते ती ऑगस्ट १९४७ च्या पंजाबात. तरुण नानी, उम्ब्रीन, लग्नाच्या तयारीत आहे. नवरा मुलगा प्रेम. हिंदू. आणि याझच्या आजोबांचं नाव प्रेम नव्हतं!

इथून गोष्ट कुठे जाणार ते आपल्याला कळल्यासारखं वाटतं. रानात दोन उंच, भेसूर परग्रहवासी दिसतात. लग्न लावायला निघालेला साधू मरून पडलेला सापडतो. आपण मनातल्या मनात गुन्हेगार ठरवून मोकळे होतो. पण हे थिजारियन एके काळचे मारेकरी असले तरी आता कोणाला मारत नाहीत. ते दूर असताना त्यांचा ग्रहच नष्ट झाला आणि त्यांच्या माणसांसाठी रडायला कोणी उरलं नाही. तेव्हापासून ते काळ धुंडाळत फिरतात. जो कोणी एकटा, कोणाच्या नजरेत न येता मरणार आहे त्याच्याजवळ जाऊन उभे राहतात. वाचवत नाहीत. पाहतात आणि लक्षात ठेवतात. साधूला गोळी घातली ती प्रेमच्या धाकट्या भावाने, मनीषने. घरातल्याच, रोज एका पंगतीत जेवणाऱ्या पोराने.

लग्न लागतं १७ ऑगस्टला. रॅडक्लिफची रेषा, म्हणजे त्या ब्रिटिश वकिलाने आखलेली भारत-पाकिस्तानची सीमा, लोकांना कळली तो हाच दिवस. स्वातंत्र्य दोन दिवस आधीच मिळालेलं, आणि आपण कुठल्या देशात आहोत हे सीमेवरच्या गावांना अजून ठाऊक नव्हतं. रॅडक्लिफ जुलैत आले, याआधी त्यांनी हिंदुस्थान पाहिलेला नव्हता, आणि पाच आठवड्यांत त्यांनी दोन प्रांत चिरले. लग्नानंतर मनीषने बोलावलेले हत्यारबंद घोडेस्वार येतात. प्रेम त्यांना सामोरा जातो. डॉक्टरला त्याला वाचवता येत नाही. तो जगला तर उम्ब्रीनचं पुढचं आयुष्य बदलेल आणि याझ जन्मालाच येणार नाही. म्हणून डॉक्टर आणि तिचे सोबती पाठ फिरवून चालू लागतात. गोळीचा आवाज मागून येतो.

कालप्रवासाच्या गोष्टी मी लहानपणापासून पाहत-वाचत आलोय. बहुतेकांत भूतकाळ म्हणजे दुरुस्तीचं काम असतं: जाऊन एक खिळा काढायचा, सगळं सुरळीत. इथे जगातलं सर्वांत हुशार पात्र हातात सर्व साधनं असून काहीच करू शकत नाही. आणि त्या माणसाजवळ थांबण्याचं काम कोण करतं, तर ज्यांना आपण बराच वेळ राक्षस समजत होतो ते. प्रेम नुकताच दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेतून लढून परतलेला. त्या फौजेत सुमारे २५ लाख हिंदी माणसं होती. आणि हा भाग ब्रिटनने दाखवला तो पहिलं महायुद्ध थांबल्याला बरोबर १०० वर्षं झाली त्या रविवारी, सगळा देश छातीवर पॉपीचं फूल लावून आपल्या सैनिकांची आठवण काढत होता त्या संध्याकाळी. हा योगायोग असेल तर फार सुरेख आहे, आणि ठरवून केलं असेल तर धाडसाचं.

भाग निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. चित्रीकरण स्पेनमध्ये, ग्रानाडा भागात झालं आणि ते लपत नाही. भादव्यातला पंजाब म्हणजे ओल, चिखल, अंगाला चिकटणारी हवा, उभी हिरवी पिकं. पडद्यावर दिसतात कोरडी ऊनपिवळी रानं आणि मागे डोंगर. फाळणीच्या पंजाबची कथा आणि मुख्य पात्रांत एकही शीख नाही, हे तर मला अजून खटकतं. पण हे भांडण माझं आणि विनय पटेलांचं. भाग अखेरपर्यंत पाहायला मिळाला तर ते आम्ही आमचं भांडू.

आता तुमच्याकडे येतो.

शेवटचा प्रसंग पुन्हा शेफील्डमध्ये, नानीच्या घरी. तो संपतो आणि नामावली सुरू होते. या मालिकेची धून ब्रिटनमध्ये शेंबड्या पोरालाही पाठ असते. रॉन ग्रेनरने रचलेली आणि बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे आवाजांचे प्रयोग करणाऱ्या विभागात, डीलिया डर्बिशरने टेपचे तुकडे कापून, जोडून, एकेक स्वर हाताने बसवून घडवलेली. एरवी प्रत्येक भागाच्या शेवटी ती धडाक्यात येते. याच भागापुरती संगीतकार सेगुन अकिनोला यांनी ती बदलली. तीच धून आपल्या उपखंडाच्या ढंगात येते, माणसाच्या गळ्यातून. गोळीच्या आवाजानंतर प्रेक्षकाला जे काही वाटत असतं त्यासाठी दिलेली ती मिनिटभराची जागा आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या रोझा पार्क्सवरच्या, त्याच पर्वातल्या भागातही शेवटी नेहमीची धून न वाजवता गाणं ठेवलं होतं. म्हणजे नामावलीत काय ऐकू यावं याचा ही मंडळी विचार करत होती.

मी कल्याणला राहतो. आमच्या शेजारी एक सिंधी दादी आहेत. लहानपणी त्या घरच्यांबरोबर कराचीहून बोटीने मुंबईला आणि तिथून कल्याणच्या लष्करी छावणीत आल्या. महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींत सिंधमधून आलेल्या लोकांना ठेवलं, आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. तिथे अजूनही पत्ता सांगताना कॅम्पचा नंबर आणि बराकीचा नंबर सांगतात. आम्हा मराठी शेजाऱ्यांच्या लेखी मात्र उल्हासनगर म्हणजे जीन्स आणि फर्निचर. त्या बराकींत माणसं काय मागे टाकून आली हे आम्ही कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. शाळेत फाळणी एका धड्यात उरकली, आणि तोही परीक्षेला हमखास येणारा म्हणून वाचलेला.

हा भाग मी दादींबरोबर पाहिला. त्यांना इंग्रजी येत नाही, मी मध्येमध्ये थांबवून हिंदीत सांगत होतो. निळा बॉक्स, परग्रहवासी, काळातून प्रवास, कशानेही त्या चमकल्या नाहीत. उम्ब्रीन आणि तिची आई घर सोडून निघाल्या तेव्हा मात्र त्यांनी विचारलं, “इनके जानवर किसने खोले?” मला कळेचना. त्या म्हणाल्या, “हमारी भैंस बँधी रह गई थी.” त्यांचा थोरला मुलगा तिथेच बसला होता, पन्नाशी कधीच ओलांडलेला. त्याने त्या म्हशीबद्दल पहिल्यांदाच ऐकलं.

मग नामावली आली, गळा लागला. दादी जरा पुढे सरकल्या. आणि तुमच्या ॲपने चित्र आक्रसून कोपऱ्यात नेलं, आवाज खाली गेला आणि पडद्यावर आलं: ‘पुढचा भाग ५ सेकंदांत’. मी रिमोट उचलेपर्यंत, त्यावर ते अदृश्य बटण शोधेपर्यंत पाच सेकंद संपले. पुढचा भाग कोणता? ‘कर्ब्लॅम!’ एका अवाढव्य ऑनलाइन दुकानाच्या गोदामाची गोष्ट. सुरुवातीलाच चेहऱ्यावर कायमचं हसू चिकटवलेला डिलिव्हरी रोबो अवतरतो आणि डॉक्टरला पार्सल देतो. पार्सलमध्ये गोंड्याची लाल टोपी. दादी म्हणाल्या, “ये कौन है?”

काय सांगणार? घरोघरी सामान पोचवणारा, म्हटलं.

त्यांना वाटलं हाच त्या गोष्टीचा शेवट. त्या घरी गेल्या. म्हशीचं पुढे काय झालं ते मला विचारता आलं नाही.

ही माझी पहिली आणि मुख्य तक्रार. तुम्ही म्हणाल, सेटिंगमध्ये जाऊन हे बंद करता येतं. टीव्हीवरच्या ॲपमध्ये ती सोय मला सापडली नाही. ती म्हणे वेबसाइटवर लॉगिन करून, प्रोफाइलच्या आत, ‘प्लेबॅक’ नावाच्या पानावर आहे. टीव्ही पाहणाऱ्या ७० वर्षांच्या माणसाने तिथे कसं पोचावं? पाहणाऱ्याने न मागितलेली गोष्ट आपणहून सुरू करायची आणि ती थांबवण्याची किल्ली माळ्यावर ठेवायची, याला सोय म्हणत नाहीत. पुढचा भाग लावण्याची घाई प्रेक्षकाला नाही, तुमच्या पाहण्याच्या तासांच्या आकड्याला आहे. धंदा आहे, मान्य. पण नाटक संपल्यावर नट हात जोडून उभे असताना पुढच्या खेळाच्या तिकिटांची आरोळी ठोकणारा व्यवस्थापक आपल्या रंगभूमीवर टिकला नसता.

दुसरी तक्रार त्या भागाखालच्या दोन ओळींची. तुमच्या ॲपवर लिहिलं होतं की डॉक्टर पंजाबात ‘जीवघेण्या राक्षसांशी झुंज देते’. झुंज नाही. जीवघेणे राक्षस परग्रहावरचे नाहीत, आणि भागाचा सगळा डाव त्यावरच आहे. लिहिणाऱ्याने भाग पाहिलेला नाही हे उघड दिसतं. फाळणीचा उल्लेख नाही, लेखकाचं नाव नाही, दिग्दर्शकाचं नाही. चित्र कुठलं? तर दात विचकलेल्या परग्रहवासीयाचं. भाग ठेवला होता मुलांच्या ‘एलियन्स आणि धमाल’ या रांगेत. मुलांनी पाहू नये असं मी मुळीच म्हणत नाही, उलट आई-बापांनी जवळ बसून दाखवावा. पण धमाल?

तिसरी, सबटायटल. मराठी नाहीतच, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की तक्रार करतानाही संकोच वाटतो. तुमच्या जाहिराती मराठीत असतात, वर्गणी संपल्याचा मेसेज मराठीत येतो, मग पाऊण तासाचे संवाद मराठीत का येऊ नयेत? आणि जी इंग्रजी सबटायटल आहेत त्यांत शेवटच्या त्या गळ्यावर काय लिहिलंय? कंसात, ‘विदेशी संगीत’. कल्याणमध्ये, सिंधमधून आलेल्या बाईला, लाहोर-अमृतसरच्या मातीतला सूर विदेशी म्हणून दाखवायचा. ऐकू न येणारा माणूस त्याच दोन शब्दांवर विसंबून असतो.

चौथी. दादींच्या मुलाने स्वतःहून सांगितलं, आईला तो भाग परत दाखवू, या वेळी मी तिला सिंधीत सांगतो. आम्ही दिवस ठरवला. तोवर ते अख्खं पर्व तुमच्या यादीतून गेलेलं होतं. सूचना नाही, तारीख नाही. शोधलं तर ‘याच्याशी मिळतंजुळतं’ म्हणून तुम्ही अंतराळातल्या मारामारीचे चार सिनेमे सुचवले. हक्कांचा करार संपतो, ते मला समजतं. पण करार कोणत्या तारखेला संपणार हे सही करतानाच तुम्हाला ठाऊक असतं. ते आम्हाला का कळू नये?

याच मालिकेच्या इतिहासात या चौथ्या मुद्द्याचं उत्तर आहे. साठच्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’च्या कितीतरी टेपा बीबीसीने पुढे स्वतःच पुसल्या. टेप महाग होती, जागा कमी होती, आणि जुना भाग परत कोण पाहणार, असा हिशोब होता. नव्वदहून जास्त भाग असे गेले. पण आवाज एकाही भागाचा गेलेला नाही. कारण देशभर विखुरलेल्या पोरांनी भाग लागला की टीव्हीजवळ टेपरेकॉर्डर धरून तो उतरवून घेतला होता. चित्रफिती परदेशी केंद्रांना विकल्या गेल्या होत्या, त्यातल्या काही अशाच सापडत राहिल्या. २०१३ मध्ये नऊ हरवलेले भाग नायजेरियातून परत आले. मालकाने फेकून दिलं आणि पाहणाऱ्यांनी जपलं. आज ती वाटही बंद आहे. तुमच्याकडचा भाग मला उतरवून ठेवता येत नाही, ठेवला तर मी चोर. बरं, मी चोर नाही. मग निदान दवंडी तरी पिटा की अमुक तारखेला माल उचलणार आहोत.

तेव्हा माझ्या मागण्या अशा.

नामावली पूर्ण आकारात, पूर्ण आवाजात, शेवटच्या नावापर्यंत चालू द्या. ज्याला पुढे जायचं आहे तो बटण दाबेल. आपोआप पुढचा भाग लावण्याची सोय मुळात बंद असावी आणि हवी असणाऱ्याने ती सुरू करावी, टीव्हीच्या रिमोटवरून, एका पानात.

कोणतीही मालिका किंवा सिनेमा काढण्याआधी किमान ३० दिवस त्याच्याच पानावर तारीख दाखवा. ज्यांनी तो अर्धा पाहिलाय किंवा आपल्या यादीत ठेवलाय त्यांना मेसेज करा. वर्गणी संपायच्या आधी आठवडाभर रोज मेसेज धाडता, तेव्हा यंत्रणा आहे हे आम्हाला माहीत आहे.

भागाखालच्या ओळी तो भाग पाहिलेल्या माणसाकडून लिहून घ्या आणि तिथे लेखक-दिग्दर्शकांची नावं द्या. मराठी सबटायटल सगळ्याला लगेच होणार नाहीत हे मी समजतो. सुरुवात कुठून करणार आणि केव्हा, एवढं जाहीर करा. आणि ‘विदेशी संगीत’ हे शब्द आजच काढा, त्याला बैठक घ्यावी लागत नाही.

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तुम्हाला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याने १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तुमचा विधी विभाग म्हणेल की हे नियम दाखवलेल्या मजकुराबद्दलच्या तक्रारींसाठी आहेत, न दाखवलेल्याबद्दल नाहीत. म्हणू द्या. तरीही हे पत्र त्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर आजच्या तारखेने पोचलं आहे. यातलं जे करणार असाल ते आणि जे करणार नसाल तेही माणसाच्या सहीने कळवा. वर्गणीची मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे आणि ती भरायची की नाही हे मी त्या उत्तरावर ठरवीन. दादींच्या मुलाने हा भाग दुसरीकडे शोधायला घेतला आहे, त्यामुळे त्या बाबतीत आम्ही तुमच्यासाठी थांबलेलो नाही.

कळावे,
एक वर्गणीदार, कल्याण